दरीत, लेण्यात, आडात माणूस अडकला: रेस्क्यू टीमला बोलवायचं कसं?

‘सर, आमचा मित्र पडलाय, लवकर या.’
‘कुठं?’
‘धबधब्यापाशी.’
‘कोणत्या?’
‘इकडं, कन्नडकडं.’ आणि फोन कट.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या फोनवर पावसाळ्यात येणारे कॉल बहुतेक असेच असतात. पुन्हा लावला तर फोन व्यस्त, कारण तोवर तो मुलगा आणखी सात जणांना हेच सांगत असतो. शेवटी लागला आणि पोलिसांना कळवलं का विचारलं, की उत्तर येतं, ‘नाही, म्हणलं आधी तुम्हाला सांगावं.’ यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि खाली पडलेल्याला तोच तास हवा असतो.

त्यामुळे दोर कसा बांधायचा हे इथं सांगत नाही. ते ज्यांना येतं त्यांच्यापर्यंत निरोप नीट कसा पोचवायचा, एवढंच सांगतो.

## आधी हे समजून घ्या: टीम स्वतःहून निघत नाही

ब्रिटनमध्ये गुहेत कुणी अडकलं तर लोक ९९९ लावतात, आधी पोलीस मागतात आणि मग त्यांना ‘केव्ह रेस्क्यू’ हवं म्हणून सांगतात. टीम स्वयंसेवकांचीच असते, पण तिला हाक पोलीस मारतात. आपल्याकडेही क्रम तोच धरा. बचावाची जबाबदारी प्रशासनाची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्यात त्याच्या प्रमुखपदी जिल्हाधिकारी. स्वयंसेवक त्यांच्या मदतीला येतात. पोलिसांना पत्ता नसताना आलेल्या टीमला वनखात्याच्या नाक्यावर अडवलं जाऊ शकतं, ॲम्ब्युलन्स येत नाही, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर पंचनाम्यापासून सगळंच अडकतं.

दुसरी गोष्ट. मेघालयात चुनखडीतल्या गुहा किलोमीटरच्या किलोमीटर आत जातात, तसलं आपल्याकडे नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा. आपल्या ‘गुहा’ म्हणजे कोरलेली लेणी, किल्ल्यातले भुयारी मार्ग, कड्यातल्या कपारी, आणि सगळ्यात जास्त घात करणाऱ्या खोल विहिरी न् आड. म्हणून इथं येणारी टीम बहुधा गिर्यारोहकांची, दोरांवर काम करणारी असते. महाराष्ट्रातल्या अशा स्वयंसेवी संस्थांना जोडणारं ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ आहे. एका हेल्पलाइनवर कॉल घेऊन जवळची टीम हलवण्याचं काम ते करतं. तो नंबर आजच शोधा, फोनमध्ये साठवा आणि पाकिटात कागदावरही लिहा. कड्यावर उभं राहून इंटरनेटवर शोधायची वेळ येऊ देऊ नका, कारण तिथं इंटरनेट नसतं.

## टप्पा १: निघण्याआधी घरी एक कागद

हा टप्पा लोक हसून सोडून देतात. माझ्या मते अर्धा रेस्क्यू इथंच होतो.

घरी किंवा न जाणाऱ्या एका मित्राकडे लिहून द्या: कुठं चाललो, कोणत्या वाटेनं, कोण कोण, गाडी कोणती आणि ती कुठं लावणार, परतायची वेळ काय. शेवटी सगळ्यात महत्त्वाची ओळ: ‘अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर मदत बोलवायची.’ ही वेळ परतीच्या वेळेनंतर दोन-तीन तासांनी ठेवा, म्हणजे पंक्चरमुळे उशीर झाला म्हणून गोंधळ होणार नाही.

‘पितळखोऱ्याला चाललो’ एवढं पुरत नाही. लेणी पाहून गौताळा अभयारण्यात पुढं कुठं उतरणार का? जंजाळ्याच्या बाजूला घटोत्कच लेणी बघायला जाताना वाट कोणत्या गावातून धरणार? सौताड्याला धबधबा वरूनच बघणार की दरीत उतरणार? शोधणाऱ्याला नुसत्या ठिकाणाच्या नावापेक्षा वाट जास्त उपयोगी पडते.

२०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा कोच पुरामुळे अडकले. ते आतच आहेत हे लवकर लक्षात आलं ते गुहेच्या तोंडाशी लावलेल्या सायकलींमुळं. तेव्हा गाडी दिसेल अशी लावा. वरच्या गावात एखाद्या टपरीवर चहा घ्या आणि कुठं चाललो ते बोलता बोलता सांगा. ‘चार पोरं सकाळी खाली गेली, अजून वर नाही आली’ हे टपरीवाल्या काकांचं वाक्य शोधाचं क्षेत्र एका दरीवर आणून ठेवतं.

तपासा: ज्याच्याकडे कागद दिला, त्याला वेळ उलटल्यावर कुणाला फोन करायचा हे माहीत आहे का? ‘थोडं थांबून बघू’ म्हणणाऱ्या भिडस्त माणसाकडे कागद देऊ नका. आणि बेपत्ता माणसाची तक्रार २४ तास थांबूनच द्यायची असते, ही निव्वळ अफवा आहे. ताबडतोब देता येते.

## टप्पा २: अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं

फोन काढण्याआधी तीन गोष्टी, याच क्रमाने.

एक, स्वतः सुरक्षित जागी या. दगड सुटत असतील तर कड्याच्या पायथ्यापासून बाजूला, ओढ्याचं पाणी गढूळ होऊन वाढत असेल तर लगेच उंचावर. वरच्या पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

दोन, सगळे मोजा. हसू नका, घाबरलेल्या गटात सहावा माणूस कुठं आहे हे पाच जणांना सांगता येत नाही.

तीन, जखमीशी बोला. उत्तर देतो का? श्वास घेतो का? रक्त वाहतंय का? हातपाय हलवतो का? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. उंचावरून पडला असेल तर मानेला, पाठीला मार आहे असंच समजा आणि पाणी किंवा दरड अंगावर येत नसेल तर त्याला हलवू नका.

मग कागदावर लिहा. हो, लिहा. किती वाजता घडलं, किती जण, काय लागलंय, जागा कुठं. फोनवर बोलताना जीभ घसरते. कागद समोर असला तर घसरत नाही.

जागेसाठी फोनच्या नकाशातला निळा ठिपका दाबून धरा, आकडे दिसतात. फोनचं जीपीएस इंटरनेटशिवाय चालतं, फक्त आभाळ उघडं हवं. लेण्याच्या आत किंवा भुयारात ते चकवतं, तेव्हा तोंडाशी येऊन आकडे घ्या. दशांशानंतर चार आकडे पुरे, त्यात फरक १०-१२ मीटरचाच राहतो. मराठवाड्यात अक्षांश १७ ते २१ आणि रेखांश ७४ ते ७९ या दरम्यानच येतो. उलटं दिसलं तर तुम्ही आकड्यांची अदलाबदल केलीये.

सावधान: कुणी दोराला लटकून राहिला असेल, मग तो हार्नेसमध्ये (दोराला जोडायच्या कमरपट्ट्यात) का असेना, तर तो ‘सुरक्षित’ नाही. निपचित लटकलेला माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. फोनवर हे सगळ्यात आधी सांगा.

## टप्पा ३: पहिला फोन ११२

पहिला फोन ११२ लाच. पोलीस, अग्निशमन, ॲम्ब्युलन्स या सगळ्यांसाठी एकच नंबर. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर बऱ्याचदा हा लागतो, त्यामुळे ‘रेंजच नाही’ म्हणून प्रयत्न सोडू नका.

इथली नेहमीची चूक अशी: फोन उचलणारा तुमच्या तालुक्यातला आहे असं धरून बोलणं. तो राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात बसलेला असतो. त्याला ‘घाटनांद्र्याच्या अलीकडं’ काही कळत नाही. जिल्हा, तालुका, गाव, जागा अशा क्रमाने, मोठ्याकडून लहानाकडे या.

दुसरी अडचण आपल्या भूगोलाची. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर उभे असाल तर खाली खानदेश आहे आणि फोन चाळीसगावकडचा टॉवर पकडू शकतो. किनवटच्या कडेला टॉवर तेलंगणाचा मिळाला तर कॉल राज्याबाहेरही जाईल. म्हणून ‘महाराष्ट्र’ आणि जिल्ह्याचं नाव पहिल्या वाक्यातच हवं.

बोलणं साधारण असं:

‘नमस्कार साहेब. महाराष्ट्र, छत्रपती संभाजीनगर जिल्हा, कन्नड तालुका. पितळखोरा लेण्यांच्या खालच्या ओढ्यात एक जण कड्यावरून पडलाय. वय २२, शुद्धीवर आहे, पाय मोडलाय, चालता येत नाही. सोबत आम्ही चौघं, सगळे ठीक. जागा उताराची आहे, स्ट्रेचर उचलून नेता येणार नाही, दोरांवर काम करणारी रेस्क्यू टीम लागेल. ॲम्ब्युलन्स वर पार्किंगपाशी पाठवा. माझं नाव अमुक, नंबर हाच. अक्षांश-रेखांश सांगतो, लिहून घ्या.’

आकडे एकेक करून म्हणा: ‘दोन शून्य, पॉइंट, तीन एक…’ आणि समोरच्याला परत वाचायला लावा. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. आवाज तुटत असेल तर हाच मजकूर एसएमएसने घरच्या माणसाला पाठवा आणि त्याला ११२ लावायला सांगा. जिथं कॉल टिकत नाही तिथंही एसएमएस निसटून जातो.

‘दोरांवर काम करणारी टीम लागेल’ हे शब्द गाळू नका. ते नसले तर दोन शिपाई आणि एक ॲम्ब्युलन्स येते, ते वरून डोकावतात आणि तिथून पुढं टीमची शोधाशोध सुरू होते.

यानंतर, किंवा एकाच वेळी दुसऱ्या फोनवरून, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष: १०७७. मोबाइलवरून तो भलत्याच जिल्ह्यात लागू नये म्हणून आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा. एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती बचाव दल) लागणार असेल तर ती मागणी जिल्हा प्रशासनाकडून जाते. त्यांची आपल्याला जवळची बटालियन पुण्यात आहे, राज्याचं एसडीआरएफ धुळे आणि नागपूरला. तुम्ही थेट तिकडं फोन करून काही हलत नाही.

गावात पोलीस पाटील किंवा सरपंच भेटले तर त्यांना लगेच सांगा. ठाण्यात त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा लवकर पोचतो, आणि रात्री ट्रॅक्टरची सोय तेच करतात. वेरूळ, अजिंठा, देवगिरी अशा तिकीट असलेल्या जागी आधी तिथल्या सुरक्षारक्षकांना गाठा. देवगिरीच्या अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) कुणी घाबरून बसलं, पाय मुरगळला, तर ते दोन मिनिटांचं काम असतं. त्यासाठी पुण्याची टीम लागत नाही.

## टप्पा ४: दुसरा फोन, स्वयंसेवी टीमला

आता साठवून ठेवलेली हेल्पलाइन. पहिलंच वाक्य: ‘११२ ला इतक्या वाजता कळवलंय, अमुक ठाण्याला निरोप गेलाय.’ मग कागदावरचा तोच मजकूर. ते उलटे प्रश्न विचारतील: कड्याची उंची किती, वरून पोचता येतं की खालून, वर दोर बांधायला झाड-खडक आहे का, मधमाश्यांची पोळी दिसतात का, पाऊस आहे का. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाजाने ‘शंभर फूट असेल’ म्हणालात आणि निघाला तीनशे, तर आणलेला दोर अपुरा पडतो.

वेळेचं गणित डोक्यात ठेवा. पुणे ते संभाजीनगरच सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पुढं कन्नडपर्यंत आणखी तास-सव्वा तास. त्याआधी नोकरीवरून सुटून, सामान भरून माणसं गोळा व्हायची असतात. जवळ स्थानिक ग्रुप मिळाला नाही तर सहा-सात तास सहज जातात. माहूरला तर पुण्याची टीम रात्रभराच्या प्रवासानंतर पोचणार. त्यापेक्षा नागपूर जवळ.

म्हणून दुपारी तीनला शंका आली तर तीनलाच कळवा. ‘आपण प्रयत्न करू, नाही जमलं तर संध्याकाळी सांगू’ ही या सगळ्या व्यवहारातली सर्वात महागडी चूक. टीमला नुसतं ‘तयारीत राहा’ असंही सांगता येतं. अर्ध्या वाटेतून परत जावं लागलं म्हणून कुणी रागावत नाही, निदान आम्ही तरी नाही. अंधार पडल्यावर उठवलं की मात्र मनातल्या मनात दोन शिव्या देतो.

सावधान: व्हॉट्सॲपवर ‘अर्जंट, फॉरवर्ड करा’ टाकू नका. त्यात वेळ नसते, जागा अर्धवट असते, आणि आलेल्या पन्नास फोनांनी तुमची बॅटरी संपते.

## विहीर असेल तर वेगळे नियम

हे मुद्दाम मोठं लिहितोय, कारण इथं एकाचे तीन होतात.

जुन्या, बंद, खोल विहिरीत किंवा आडात कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो; तो हवेपेक्षा जड आहे, त्याला वास नाही. कुजलेला पाला, गाळ असेल तर आणखी विषारी वायू. पाणी उपसायला डिझेल इंजिन आत उतरवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड. पहिला माणूस गाळ काढायला उतरतो, कोसळतो. वरून भाऊ ओरडतो, ‘दोर आहे की, मी उतरतो,’ आणि तोही राहतो. मग तिसरा.

कंदील उतरवून बघायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की. पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं मात्र नाही. कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो आणि ज्योत तशीच जळत राहते.

करायचं ते असं:

१. कुणालाही उतरू देऊ नका. काठावर नातेवाईक असतील तर दोन दांडगी माणसं त्यांना धरायला लावा.
२. ११२ ला ‘विहिरीत वायू असावा, श्वसनाचा संच असलेली अग्निशमन टीम हवी’ असं म्हणा. नगरपालिकेचं अग्निशमन दल, १०१, इथं गिर्यारोहकांच्याही आधी.
३. आत इंजिन चालू असेल तर वरून बंद करता येत असेल तरच करा. पंखा, ब्लोअर मिळाला तर त्याची नळी तळापर्यंत सोडून स्वच्छ हवा ढकला. ब्लोअरचं इंजिन काठापासून दूर, त्याचा धूर आत जाणार नाही असं ठेवा.
४. खालचा माणूस शुद्धीवर असेल तर फासा केलेला दोर सोडा आणि काखेखाली अडकवायला सांगा. तो स्वतः अडकवू शकला तरच ओढा.
५. काठावरची गर्दी आणि ट्रॅक्टर मागे घ्या. पावसाळ्यात बिनबांधणीचा काठ कधी ढासळेल सांगता येत नाही.

## टप्पा ५: वाट बघण्याचे तास

एकच फोन संपर्काचा. बाकीचे बंद, बॅटरी राखून. ज्या जागेवरून फोन लागला तिथंच एक जण थांबतो. शक्य असेल तर दोघं जण मिळून वर रस्त्यावर जातात आणि टीमला वाट दाखवतात. एकटं कुणी नाही.

जखमीच्या अंगाखाली सॅक, दोर, चादर काहीतरी घाला. मराठवाडा म्हटलं की उन्हाचं भय वाटतं, पण भिजलेला, न हलणारा माणूस श्रावणातल्या रात्री गारठतो. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा. उन्हाळ्यात उलट, सावली करा. पोटाला मार असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही देऊ नका. दारू तर नाहीच, ‘ऊब येते’ म्हणून आग्रह करणारा कुणीतरी असतोच.

खुणेसाठी शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, परत सहा. रात्री विजेरीनेही तसंच. उत्तर तीनदा येतं.

आग्या मोहोळ उठलं असेल तर धूर करू नका, हात झाडू नका, तोंड झाकून लांब जा आणि टीमला तसं कळवा. अशा वेळी टीम अंधार पडेपर्यंत मुद्दाम थांबते. ‘येऊन बसलेत, काही करायलेत का नाही?’ असं ओरडू नका.

## टप्पा ६: टीम आल्यावर

ज्याने फोन केला त्यानेच कागद घेऊन प्रमुखाला भेटायचं. घडलेलं घडलं तसं सांगा. दारू प्यायली होती, सेल्फीसाठी रेलिंग ओलांडलं होतं, तेही. आम्ही पोलीस नाही, पण डॉक्टरला ते कळावं लागतं.

मग बाजूला व्हा. ‘मी वाट दाखवतो, मी येतो खाली’ म्हणणाऱ्यांना थांबवा, नेमकं काम मागा: सामान उचलायला चार जण, रस्ता मोकळा ठेवायला दोन, चहा-पाण्याची सोय. व्हिडिओ काढणाऱ्यांना कड्याच्या काठापासून मागे घ्या. त्यांच्या पायाखालून सुटलेला दगड खाली स्ट्रेचरवरच पडतो.

माणूस गेला असेल तर पोलीस येईपर्यंत त्याला हलवायचं नाही. पंचनामा व्हायचा असतो. नातेवाइकांना हे समजावायला गावातलंच वडीलधारं माणूस पुढं करा.

## टप्पा ७: सापडला की लगेच कळवा

हे जवळजवळ सगळेच विसरतात. मुलगा दुसऱ्या वाटेने गावात उतरला, आईच्या हातची भाकरी खाऊन झोपला, आणि चार गाड्या अजून दरीत त्याला हाका मारतायत. हे आम्ही अनुभवलंय.

ज्या ज्या नंबरला कळवलं त्या प्रत्येकाला परत फोन: ११२, पोलीस ठाणं, नियंत्रण कक्ष, टीमची हेल्पलाइन, पोलीस पाटील. कागदावर समोर खूण करत जा. गाड्या माघारी वळल्याचं टीमच्या प्रमुखाकडून ऐकल्याशिवाय संपर्काचा फोन बंद करू नका. घरी ज्याच्याकडे पहिला कागद दिला होता, त्याला सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी सांगा; तो एव्हाना दाराशी उभा असेल.